पवईचे फ्रामजी, व्हिक्टोरिया राणी आणि आंब्याचा भाव

१/ पवई म्हटले की आज तलाव, आयआयटी आणि हिरानंदानीचे मनोरे डोळ्यांपुढे येतात. हंगामाच्या आरंभी इथल्या दुकानांत हापूसच्या पहिल्या पेट्या लागतात आणि भाव ऐकून गिऱ्हाईक विचारते, ‘एवढा महाग का?’ या प्रश्नाचा एक धागा पवईच्याच इतिहासात सापडतो.

२/ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पवईची विस्तीर्ण जमीन फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याकडे होती. तलाव तेव्हा नव्हता. तो शतकाच्या अखेरीस बांधला गेला. याच फ्रामजींनी १८३८ मध्ये मुंबईचे आंबे इंग्लंडला व्हिक्टोरिया राणीसाठी रवाना केले.

३/ सुएझ कालवा खुला झाला १८६९ मध्ये. त्यापूर्वीचा सर्वांत जलद मार्ग म्हणजे आगबोटीने तांबडा समुद्र, पुढे इजिप्तची भूमी ओलांडणे आणि मग भूमध्य समुद्र. प्रवास महिन्याहून अधिक काळाचा, आणि अढीतला आंबा पिकतो पंधरवड्यात. भेटीचे मोल या विसंगतीत होते.

४/ थॉमस मूर या कवीच्या ‘लाला रुख’ (१८१७) या काव्याच्या टिपांत आंब्याविषयी दोन कथा येतात. शाहजहानच्या काळी ताज्या आंब्यांसाठी दिल्ली ते मराठी किनारा या वाटेवर जासूद नेमलेले असत. आणि माझगावच्या एका नामांकित झाडावर हंगामात शिपायांचा पहारा असे.

५/ या कथांत अतिशयोक्ती असेल. तरीही त्या आंब्याची थोरवी सांगतात ती जासूद आणि पहारेकरी यांच्या आधारे. पक्वान्नाची किंमत केवळ चवीने ठरत नाही. नाशवंत वस्तू वेळेत पोहोचवण्यासाठी किती माणसे राबली, यानेही ती ठरते.

६/ ‘हापूसची चवच तशी आहे’, हा आक्षेप रास्त आहे. परंतु उत्तम रायवळही गोडीत कमी नसतो. तो कोयीपासून वाढतो, म्हणून प्रत्येक झाडाची चव निराळी. शिवाय तो फार टिकत नाही. हापूस कलमाचा, त्यामुळे चवीची हमी देता येते आणि तो दूर धाडता येतो. रायवळ गावात चोखला गेला, हापूस बाजारात गेला.

७/ त्या हमीमागे जोखीम मोठी. झाड बहुधा वर्षाआड भरघोस धरते. अवकाळी पावसाने मोहर गळतो. फळ बाहेरून निर्दोष दिसते आणि कापल्यावर आत साका निघतो. वाया गेलेल्या फळांचा खर्च चांगल्या फळांवरच चढतो.

८/ त्यात श्रमही आले. फळ झेल्याने, देठासह उतरवावे लागते. चीक सांडला तर साल डागाळते. मग निवड, पेंढ्यातली अढी, पेटी. कोकणातल्या अनेक बागांची राखण आज नेपाळहून आलेले मजूर करतात. माझगावचा पहारा संपला नाही, पहारेकरी बदलले.

९/ नावालाही किंमत असते. म्हणून परराज्यातला आंबा ‘देवगड’ किंवा ‘रत्नागिरी’ म्हणून खपवला जातो. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले ते या नावाच्या रक्षणासाठी. ग्राहक नावाचे पैसे मोजतो. ते बागायतदारापर्यंत पोहोचले नाहीत, तर मानांकन कागदावरच राहते.

१०/ राजेरजवाड्यांच्या ताटांचा इतिहास रंजक असतो, पण अपुरा. १८३८ च्या हकिकतीत राणीचे नाव आहे, फ्रामजींचे आहे. फळे उतरवणाऱ्याचे, पेटी बांधणाऱ्याचे नाही. महाग पदार्थ कोणी खाल्ला, हे नोंदवून इतिहासाचे काम संपत नाही. तो कोणी पोहोचवला आणि त्याच्या हाती काय पडले, हेही विचारले पाहिजे. पवईच्या दुकानातल्या पेटीलाही तोच प्रश्न लागू आहे. (समाप्त)