सुर्खाबाचे पर

घरात एखाद्याने जरा जास्तच तोरा मिरवला की आपली वडीलधारी माणसे विचारतात, 'क्या सुर्खाब के पर लगे हैं?' पण हा सुर्खाब कोण, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो.

शब्द फारसी आहे. 'सुर्ख' म्हणजे लाल आणि 'आब' म्हणजे पाणी. झळाळीलाही आबच म्हणतात. उर्दूत सुर्खाब म्हणजे नारिंगी रंगाचे बदक, म्हणजे चक्रवाक. शेजारच्या गुजरातीत मात्र हेच नाव उंच पायांच्या, लांब मानेच्या फ्लेमिंगोला मिळाले. थंडीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत शिवडीच्या आणि ठाणे खाडीच्या चिखलात हजारोंनी उतरतो तोच हा पक्षी. मराठीत तो रोहित, म्हणजे तांबडा, किंवा अग्निपंख. फ्लेमिंगो या नावाच्या मुळाशीही ज्वाळाच आहे आणि त्याच्या शास्त्रीय नावाचा ग्रीक अर्थ 'लाल पंखांचा' असा होतो. एवढी लांब मान, पण नाव ठेवताना सगळ्यांनी पाहिला तो रंगच!

गंमत अशी की हा रंग जन्माचा नसतो. पिल्लू राखाडी असते. शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन दोन-तीन वर्षांनी त्याच्या पिसांवर गुलाबी झाक येते. तसे अन्न मिळाले नाही तर मोठ्या पक्ष्याचाही रंग उतरतो. सुरुवातीला तर आई आणि बाप दोघेही आपल्या गळ्यातून पाझरणारे लालसर दूध पिल्लाला भरवतात, आणि त्यापायी त्यांचे स्वतःचे पंख फिके पडतात.

सूरह मुल्कमध्ये अल्लाहने पक्ष्यांकडे लक्ष वेधले आहे. आपण या पक्ष्याकडे पाहिले तर काय दिसते? जे पोटात जाते तेच अंगावर उमटते. दस्तरख्वानावर आपण मुलांसमोर काय ठेवतो? हलाल कमाईची भाकरी की दुसऱ्याचा हक्क मारून आणलेले पक्वान्न? जेवताना त्यांच्या कानी दुआ पडते की शेजाऱ्याची निंदा? मुले तेही खातच असतात. आणि त्यांना वाढवताना आपला थोडा रंग उतरला, झोप गेली, हौस राहिली, तर त्याचे दुःख कशाला?

पुढच्या वेळी मुलांना सुर्खाबाच्या परांवरून टोकताना, ते पर लाल कशाने होतात तेही सांगू या.