वरच्या मजल्याचा शेजारधर्म

आमच्या सुशिक्षित समाजानें अलीकडे एक नवें नीतिसूत्र बनविलें आहे. त्याची भाषा इंग्रजी असली, तरी तें उच्चारणाऱ्याच्या चेहऱ्यावर साधुपुरुषाची प्रसन्नता असते. ‘ॲडजस्ट करा’ हें तें सूत्र. वरच्या मजल्यावर पहाटे साडेपांचला मिक्सर घरघरूं लागला, ॲडजस्ट करा. शेजारच्या भिंतीवर टांगलेल्या दूरचित्रवाणीमधून क्रिकेटचा सामना मध्यरात्रीं आपल्या उशीपर्यंत येऊन पोंचला, ॲडजस्ट करा. डोक्यावर खाट सरकली, बत्ता आपटला, गोट्या सांडल्या, तरी तेंच. आणि एखाद्यानें हें सूत्र मानण्याचें नाकारलें, तर तो माणूसघाणा, भांडखोर, चार माणसांत राहण्यास नालायक ठरतो! आवाज करणारा तो समाजशील, आणि ज्याच्या कानांवर तो आदळतो तो समाजकंटक, अशी ही उलटी गंगा आमच्या इमारतींच्या जिन्याजिन्यांतून वाहत आहे, आणि तिलाच आपण शेजारधर्म म्हणूं लागलों आहोंत.

आमचें म्हणणें नेमकें याच्या उलट आहे. निमूटपणें सोसणें हा शेजारधर्म नव्हे. सांगणें हा शेजारधर्म आहे, आणि सांगितलेलें ऐकणें हा त्याचाच उरलेला अर्धा भाग आहे. हें विधान पुष्कळांस रुक्ष वाटेल, कांहींस तर तें परदेशी वळणाचेंही वाटेल. कारण हा विषय निघाला रे निघाला कीं, कोणी तरी एक दीर्घ उसासा टाकून चाळीची आठवण काढतोच. ‘आमच्या चाळींत काय कमी गोंगाट होता? पण कोणी तक्रार करीत नसे!’ पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ सालीं पुस्तकरूपानें आली. तेव्हांपासून, किंबहुना त्याच्याही आधींपासून, चाळ ही आमच्या मध्यमवर्गाची काशी होऊन बसली आहे. आणि काशीचा महिमा जसा तेथें न राहणारालाच अधिक जाणवतो, तसेंच चाळीचेंही झालें आहे.

आमचें बालपण गिरगांवांतल्या एका चाळींत गेलें. तेथील गोंगाट आम्हांस पुरेपूर स्मरतो. नळावरचीं भांडणें, खलबत्त्यांचे ठोके, लांकडी तक्तपोशीवरून धांवणारीं पोरें, आणि एकाच स्थानकावर लावलेले सतरा रेडिओ. परंतु तक्रार कोणी करीत नसे, हें साफ खोटें आहे! चाळींतल्या आवाजाला तोंड होतें. तो कोणाचा, कशासाठीं आणि किती वेळ चालणार, हें सामायिक गॅलरीमुळें सर्वांस ठाऊक असे. कोणाकडे आजारी माणूस असला, तर ती बातमी पांच मिनिटांत शेवटच्या खोलीपर्यंत जाई, आणि त्या दिवशींचें कांडण आपोआप पुढें ढकललें जाई. रेडिओ खालच्या सुरांत न आला, तर एखादी वडीलधारी बाई दारांत उभी राहून विचारी, “अरे, त्या घरात माणूस अंथरुणाला खिळलंय, कान फुटले का तुझे?” तिला भांडखोर म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. चाळीनें शिकविलें तें सोसणें नव्हे, सांगणेंच. चाळींतला आवाज तेवढा आम्हीं फ्लॅटांत आणला. ती बाई मात्र चाळींतच राहिली.

आतां या ‘ॲडजस्ट’पंथीयांपुढें एक अगदीं साधी अडचण मांडतों. ती नीतिशास्त्राची नसून पदार्थविज्ञानाची आहे. घरांत येणारा परका आवाज दोन वाटांनीं येतो. बोलणें, गाणें, रडणें हे आवाज हवेंतून येतात. जाडजूड भिंत त्यांना बरीच अडविते. खिडकी लावून घेतली तरी थोडा उतार पडतो. दुसरी वाट आघाताची. टांच, खुर्चीचा पाय, बत्ता, छिन्नी यांचा धक्का थेट स्लॅबमध्यें शिरतो. सिमेंट-काँक्रीट हा घट्ट आणि कडक पदार्थ. तो हा धक्का गिळून टाकीत नाहीं, पुढें पाठवितो, आणि खांब, तुळ्या, भिंती यांच्यामार्गें तो इमारतभर पसरतो. म्हणूनच तिसऱ्या मजल्यावर भिंतीस भोंक पाडणारें यंत्र सहाव्या मजल्यावरच्या माणसास आपल्याच न्हाणीघरांत चालल्यासारखें वाटतें. त्यावर घरांघरांतून सिमेंटमध्यें थेट बसविलेली ती चकचकीत कडक फरशी! धक्का आणि स्लॅब यांच्यामध्यें कांहीं तरी मऊ असेल, सतरंजी, गालिचा, रबराचा थर, तरच त्याचा जोर मुळाशींच मरतो. खालच्या रहिवाशानें पदरमोड करून छताखालीं दुसरें छत टांगलें, तरी बाजूच्या भिंती तो धक्का खालीं उतरवितातच.

याचा अर्थ स्पष्ट आहे. या आवाजावरचा खरा उपाय वरच्याच्या हातीं आहे, खालच्याच्या हातीं जवळजवळ कांहींच नाहीं. आणि तरीही जुळवून घेण्याचा उपदेश खालच्यालाच! वरच्या न्हाणीघरांतून पाणी गळून खालच्या छताला ओल आली, तर हेच लोक काय करतात? सोसायटीचे चिटणीस स्वतः येऊन डाग पाहतात, पत्र जातें, प्लंबर येतो. त्या वेळीं ‘छत्री घेऊन झोंपा’ असें कोणी म्हणत नाहीं. ओल दिसते आणि आवाज दिसत नाहीं, एवढाच काय तो फरक. पण भिंतीवरच्या रंगापेक्षां माणसाची झोंप स्वस्त आहे, असा निष्कर्ष त्यावरून निघूं नये.

इमारती बांधणारांनाही यांतून सोडतां येत नाहीं. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तींत ध्वनिरोधनाला स्वतंत्र विभाग आहे. परंतु दिवाणखान्यांत कोणत्या देशचा संगमरवर लावला आहे हें सांगणाऱ्या गुळगुळीत पुस्तिकेंत, त्या संगमरवराखालीं काय घातलें आहे याचा शब्द आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. त्याच २०१६ सालच्या स्थावर संपदा अधिनियमानें ग्राहकाला चटईक्षेत्र मोजून मिळूं लागलें. चटई मात्र कोणीच अंथरली नाहीं.

‘मग कायदा आहे ना!’ असें कोणी म्हणेल. कायदा आहे, आणि तो वाईट नाहीं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीं झाले. निवासी भागांत सकाळीं सहा ते रात्रीं दहापर्यंत ५५ डेसिबल आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांनीं घालून दिली. हा दहाचा फरक क्षुल्लक समजूं नये. या मापांत दहाची वाढ म्हणजे ध्वनीची शक्ति दसपट. सर्वोच्च न्यायालयानें १८ जुलै २००५ रोजीं दिलेल्या निर्णयांत तर शांततेनें राहण्याचा हक्क हा जीविताच्याच हक्कांत मोडतो, आणि ध्वनिक्षेपक लावून दुसऱ्याला ऐकण्याची सक्ति करण्याचा हक्क कोणालाही नाहीं, असें निःसंदिग्ध शब्दांत सांगितलें. परंतु हे सारे नियम मुख्यतः ध्वनिक्षेपक, भोंगे, फटाके, यंत्रें यांना डोळ्यांपुढें ठेवून रचलेले आहेत. लोखंडी खुर्चीच्या पायांना ते काय करणार? सार्वजनिक उपद्रवाचें कलम लावावें, तर भारतीय न्याय संहितेच्या २९२ व्या कलमानें होणारा दंड फार तर एक हजार रुपये, आणि तो होईपर्यंत दोन घरांत जें वैर पेटेल तें पुढच्या पिढीला पुरेल. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही शेजाऱ्यांस त्रास होईल असें वर्तन करूं नये, असें कलम आहे. पण चिटणीसांकडे तें घेऊन जावें, तर ते चष्मा पुसत म्हणतात, “अहो, एवढंसं तर आहे, आपसांत मिटवा ना!” चिटणीसांचा हा सल्ला भ्याडपणाचा आहे खरा, पण योगायोगानें तोच बरोबरही आहे. फक्त आपसांत मिटवावयाचें, तर आपसांत बोलावें लागतें, आणि तेंच आम्हांस साधत नाहीं.

हें आम्ही उंच आसनावर बसून लिहीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमची आई शेवटच्या दुखण्यांत होती. रात्रभर वेदना, आणि पहाटे औषधाचा अंमल चढला म्हणजे दुपारपर्यंत मिळेल तेवढी झोंप, असा तिचा क्रम होता. त्याच सुमारास वरच्या बिऱ्हाडांत जुनी फरशी उखडून नवी बसविण्याचें काम निघालें. सकाळीं नऊला छिन्नी-हातोडा सुरू होई. पुढें ड्रिल आलें, मग फरशी कापण्याचें चक्र. प्रत्येक घावासरशीं आई डोळे उघडी आणि छताकडे पाही. अकरा दिवस आम्ही एक अक्षर बोललों नाहीं. आपणांस कोणी कटकटे म्हणेल, याहून मोठें कारण त्या मौनाला नव्हतें. बाराव्या दिवशीं धीर करून वर गेलों, आणि काय सांगितलें? “जरा आवाज होतो हो.” बस्स, एवढेंच. घरांतलें दुखणें पुढें करणें आम्हांस याचनेसारखें वाटलें. वरचे गृहस्थ मोठ्या सौजन्यानें म्हणाले, “काका, महिन्याभराचाच प्रश्न आहे. थोडं ॲडजस्ट करून घ्या.” आम्ही “छे, छे, तसं काही नाही” असें म्हणून खालीं उतरलों.

काम पुरें होण्यापूर्वींच आई गेली. त्या दिवशीं छिन्नी आपोआप थांबली. सायंकाळीं वरच्या वहिनी पिठलं-भाताचा डबा घेऊन आल्या, आणि दारांतच रडूं लागल्या. “आजी इतक्या आजारी होत्या आणि आम्हांला पत्ता नाही! एका शब्दानं सांगितलं असतंत, तर काम थांबवलं नसतं का हो?” त्या क्षणीं आम्हांस त्यांचा विलक्षण संताप आला. दहा फुटांवर माणूस मरत असतां ज्यांना पत्ता नाहीं, त्यांनीं आतां डबा आणावा! पण रात्रीं दिवा मालवल्यावर तो संताप टिकेना. त्यांनीं विचारलें नाहीं हें खरें. आम्हीं सांगितलें नाहीं हेंही खरें. आईची झोंप जितकी त्या छिन्नीनें मोडली, तितकीच आमच्या सभ्यपणानें मोडली.

आम्हांस मुक्या-बहिऱ्यांच्या इमारती हव्या आहेत असा विपर्यास कोणी करूं नये. तान्हें मूल रात्रीं रडणारच. म्हाताऱ्याचा खोकला, गणपतीची आरती, पाहुण्यांनीं भरलेल्या घरांतलें हंसणें यांविषयीं कपाळाला आंठी घालणारा माणूस आमच्याही मतें वनवासालाच योग्य. जें टाळतां येत नाहीं तें सोसावें. प्रश्न टाळतां येण्यासारख्याचा आहे. तसेंच, सांगण्याच्या नांवाखालीं चाललेले प्रकारही आम्हांस मान्य नाहींत. केरसुणीच्या दांड्यानें छत बडविणें म्हणजे सांगणें नव्हे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप-गटावर ‘कांहीं लोकांना नागरिकत्वाची जाणीव नसते’ असा निनावी बाण सोडणें म्हणजे तर निव्वळ भ्याडपणा. तो लागावयाचा त्याला सोडून बाकी सर्वांना लागतो. सांगणें म्हणजे जिना चढून जाणें, घंटा वाजविणें, आणि खरें कारण सांगणें.

या लेखाचीं पहिलीं पानें लिहून होत होतीं, त्याच आठवड्यांत आमच्या दाराची घंटा वाजली. खालच्या बिऱ्हाडांत भाड्यानें राहणारी मुलगी उभी होती. ती एका रुग्णालयांत परिचारिका आहे आणि तिला बहुधा रात्रपाळी असते, हें आम्हांस त्या दिवशीं प्रथमच कळलें.

“काका, राग मानू नका. तुम्ही सकाळी दहाला लिहायला बसता ना?”

“हो. पण तुला कसं ठाऊक?”

“खुर्ची ओढलेली ऐकू येते. मग दर दहा मिनिटांनी तुम्ही उठता.”

आम्ही खरोखरच उठतों. शब्द अडला म्हणजे खिडकीपर्यंत जाऊन येण्याची आमची जुनी खोड आहे. त्याच सायंकाळीं कोपऱ्यावरच्या दुकानांतून खुर्चीच्या पायांना बसणाऱ्या चार रबरी टोप्या आणल्या. दुसऱ्या दिवशीं ती चहाला आली, तेव्हां सांगत होती कीं, वर यावें कीं न यावें हें ठरविण्यांत तिचे सात महिने गेले.