ट्रुमन यांनी किल्ल्या परत केल्या

८ एप्रिल १९५२. कोरियात युद्ध पेटलेले आणि अमेरिकेतले पोलाद कामगार संपाच्या उंबरठ्यावर. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी एका आदेशाने देशातले बहुतेक पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. भट्ट्या त्याच, कामगार तेच. कंपन्यांच्या अध्यक्षांनाच सरकारतर्फे व्यवस्थापक नेमले गेले.

रणांगणावर दारूगोळा कमी पडू नये, ही ट्रुमन यांची चिंता खरीच होती. पण कायदा करणे हे काँग्रेसचे काम. १९४७ मध्ये ट्रुमन यांचा नकाराधिकार दोन तृतीयांश मतांनी झुगारून काँग्रेसने टाफ्ट-हार्टले कायदा केला होता. संप ८० दिवस लांबवण्याची सोय त्यात होती. कारखाने ताब्यात घेण्याची तरतूद मात्र चर्चेअंती जाणीवपूर्वक वगळलेली. ट्रुमन यांनी ती सोय वापरलीच नाही, आणि नेमके तिथेच त्यांचे चुकले.

२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आदेश रद्द ठरवला. नऊच्या नऊ न्यायमूर्ती रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनीच नेमलेले! ट्रुमन यांचे माजी अॅटर्नी जनरल टॉम क्लार्कही विरोधात गेले. नेमणूक राष्ट्राध्यक्षांनी करायची, मंजुरी सिनेटने द्यायची आणि पद तहहयात, ही रचना किती मोलाची आहे, ते त्या दिवशी दिसले.

न्यायालयाकडे ना फौज, ना तिजोरी. तरीही ट्रुमन यांनी विनाविलंब कारखाने मालकांना परत केले. कामगार संपावर गेले आणि भट्ट्या ५३ दिवस थंड राहिल्या.