आधी पाणी, मग सायकल

२०१९ च्या ऑक्टोबरात मिरामारला पहिल्यांदा आयर्नमॅन ७०.३ झाली, तेव्हा मी शाळेत होतो. १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावायचं. माणसं लंगडत, रडत, हसत शेवटच्या कमानीखालून येत होती आणि मी बघत होतो त्यांच्या सायकली. तिथंच चुकलं.

यंदा स्वतः उतरायचं ठरवलं. तेवढ्या अंतराला नव्हे हो, स्प्रिंटला. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. आणि पहिलं काम काय केलं, तर कार्बनच्या सायकलींचे भाव काढले. मला आवडलेली एकही लाखाच्या खाली नव्हती. आईच्या कानावर गेलं. रात्री जेवताना म्हणाली, "पोस्टातली ठेव मोडूया काय रे?" ती ठेव ताईच्या लग्नाची. घास घशातच अडकला.

आपल्या कॉलेजात या खेळाबद्दल हल्ली बरंच बोललं जातं आणि त्यातलं निम्मं सामानाबद्दल असतं. माझं मत विचाराल तर पहिल्या ट्रायथलॉनसाठी नवी सायकल घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, आणि तेही पोहता येत नसताना! सायकलवर वारा अडतो तो मुख्यतः आपल्या अंगाला. वेग वाढेल तसा हा विरोध झपाट्याने वाढतो, म्हणून जोरात जाणाऱ्यांना महागडी चाकं उपयोगी पडतात. मी जाणार ताशी बावीसने. वाचून वाचणार किती मिनिटं?

दादाची जुनी गियरची सायकल काढली. जाड खाचांचे टायर काढून गुळगुळीत बसवले, चेन धुतली, तेल घातलं. सीट वर घेतली. पेडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील एवढी. तेवढ्याने गुडघ्याची कुरकुर थांबली. हेल्मेट मात्र नवं घेतलं. त्याचा पट्टा लावल्याशिवाय शर्यतीत सायकलला हात लावता येत नाही. पंक्चर काढायलाही शिकलो.

खरा प्रश्न पाण्याचा. काका रापण ओढतात, घर समुद्राकाठी, त्यामुळे पोहणं आपल्या रक्तातच आहे असं मला वाटायचं. गळ्याएवढ्या पाण्यात डुंबायची सवय होती, एवढंच. कांपालच्या तलावात पहिला महिना फक्त श्वासावर गेला. तोंड पाण्यात असताना हवा सोडायची, मान वळवून घ्यायची. शेजारच्या लेनमध्ये सातवीतली पोरं सपासप जायची आणि मी पंचवीस मीटरवर धापा टाकत कठडा धरायचो. शेवटी ७५० मीटर न थांबता झाले. छाती फुगली.

पावसाळा सरल्यावर सरांबरोबर समुद्रात उतरलो. तळाला काळी रेघ नाही, धरायला कठडा नाही, गढूळ पाण्यात स्वतःचा हातसुद्धा दिसेना. शंभर मीटरवर श्वास अडला. सर ओरडले, "पाठीवर हो!" उलटलो, आभाळ दिसलं, हळूहळू श्वास आला. सर जवळ नसते तर? एकट्याने समुद्रात उतरू नका, एवढं तरी माझं ऐका. आता दर आठ-दहा हातांनी डोळे वर काढून बोया बघायला शिकतोय. परदेशी व्हिडिओंत दाखवतात तो वेटसूट आपल्या कोमट समुद्रात लागत नाही. एवढ्या कोमट पाण्यात शर्यतीचे नियमही तो घालू देत नाहीत. बरा गॉगल पुरे.

धावण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरून लगेच धावून बघा, पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात. ते आधी अनुभवलेलं बरं.

आपल्या जिमखान्यात स्पर्धेची सायकल घ्यायचं घाटतंय. माझा विरोध आहे. ती सायकल एकजण चालवील. त्याच पैशांत तलावाचे तास आणि एक प्रशिक्षक घेतला, तर वीसजण पोहायला शिकतील. त्यातल्या कितीजणांच्या घरी मोडायला ठेवही नसेल.

माझी शर्यत अजून व्हायची आहे. मी पाण्यात असेतो आई किनाऱ्यावर टॉवेल धरून उभी असते, बसत नाही. ठेव शाबूत आहे. ताई म्हणते, त्या सायकलीला निदान रंग तरी दे. तो शर्यतीनंतर.