रॅम घेण्यापूर्वी मदरबोर्डास विचारा

दिवाळीची झाडलोट निघाली, की टेबलावरच्या संगणकाचीही धूळ झटकली जाते आणि घरात हमखास तक्रार उठते, "किती हळू चालतो हो हा! नवाच घेऊ या." त्यावर कॉलेजातले चिरंजीव म्हणतात, "नवा कशाला, बाबा? रॅम वाढवली की झाले."

सूचना बहुधा रास्त असते. पण रॅमची पट्टी म्हणजे काही किराणा नव्हे, की 'आठ जी.बी. द्या' म्हटले आणि पिशवीत टाकून आणले. लोणावळा-कामशेतची मंडळी अशा वस्तूंसाठी लोकलने पुण्यास तपकीर गल्लीपर्यंत जातात. चुकीची पट्टी आली, तर पैसे आणि सुटीचा दिवस, दोन्ही वाया.

चुकते कुठे, हे लोणावळेकरांस चटकन उमगेल. दख्खनची राणी १९३० साली सुरू झाली, ती विजेच्या एंजिनानेच. तेव्हा घाटातल्या तारेत १,५०० व्होल्टचा डी.सी. प्रवाह होता, आज २५,००० व्होल्टचा ए.सी. आहे. रूळांची रुंदी तीच. पण केवळ डी.सी.वर चालणारे जुने एंजिन या तारेखाली जागचे हलावयाचे नाही. रॅमचेही तसेच. डी.डी.आर.३ ला सामान्यतः १.५ व्होल्ट लागतात, डी.डी.आर.४ ला १.२ आणि डी.डी.आर.५ ला १.१. तिघींची लांबी सारखीच, पण खालची खाच निरनिराळ्या जागी असते. पट्टी बसत नसेल, तर जोर करू नये. ती त्या घरची नव्हेच, असे समजावे.

तेव्हा खरेदीपूर्वी घरीच चौकशी करावी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबल्या, की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी' पाहावी. नेहमीचे काम चालू असताना निम्मी रॅम मोकळीच दिसली, तर दोष तिचा नव्हे. जुनी हार्ड डिस्क काढून एस.एस.डी. बसविल्याने अधिक गुण येईल. रॅमचा वेग आणि किती स्लॉट भरले आहेत, हेही तिथेच कळते.

मग मदरबोर्डावर छापलेला मॉडेल क्रमांक टिपून कंपनीच्या माहितीपत्रकात तीन गोष्टी पाहाव्यात : रॅमची पिढी कोणती, एका स्लॉटात जास्तीत जास्त किती जी.बी. चालते आणि एकूण मर्यादा किती. वेगाची चिंता त्यामानाने कमी. २४०० च्या जोडीला ३२०० ची पट्टी लावली, तर साधारणतः दोघी २४०० च्याच चालीने चालतात, बैलजोडीसारखे. मात्र स्वस्त मिळते म्हणून सर्व्हरची 'रजिस्टर्ड' पट्टी घेऊ नये. घरगुती मदरबोर्ड ती स्वीकारीत नाही. विंडोज ३२-बिट असेल, तर ४ जी.बी.पलीकडची रॅम तिच्या उपयोगी पडत नाही, हेही ध्यानात असावे.

आणखी एक. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ ला किमान ४ जी.बी. रॅम लागते खरी. पण योग्य प्रोसेसर आणि टी.पी.एम. २.० ही लागतात. ती नसतील, तर केवळ रॅम घालून यंत्र पात्र ठरत नाही. अशा यंत्रावर किती खर्च करावा, हे घरच्यांनी आधीच ठरवावे.

पट्टी बसविताना वीज बंद करून वायर काढावी आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूस हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. पट्टी कडेला धरावी. सोनेरी टोकांस बोट लावू नये. दोन्ही बाजू सारख्या दाबल्या, की खटका लागतो.

दुकानात जाताना जुन्या पट्टीवरच्या लेबलाचा फोटो आणि मदरबोर्डाचा क्रमांक बरोबर न्यावा. आणि 'न चालल्यास बदलून मिळेल' एवढे शब्द बिलावर लिहून घ्यावेत. दुकानदार कितीही ओळखीचा असला, तरी!