खांब कोणी उभा करायचा?

शहराच्या हद्दीलगत एक-दोन गुंठ्यांचा तुकडा घेऊन, पोटाला चिमटा काढून घर बांधणारा माणूस आज पुणे, सांगली, छत्रपती संभाजीनगर अशा प्रत्येक वाढत्या शहराच्या कडेला दिसतो. तो कंत्राटी कामगार असतो, गवंडी असतो, रिक्षाचालक असतो. घर उभे राहते, पण दिवा लागत नाही. कारण विजेचा शेवटचा खांब चार-पाचशे फूट अलीकडेच थांबलेला असतो. मग शेजाऱ्याच्या मीटरवरून, त्याने सांगितलेल्या दराने, वायर ओढली जाते किंवा रात्री आकडा टाकला जातो. आकडा टाकणाऱ्यावर वीजचोरीचा गुन्हा दाखल होतो. खांब वेळेवर न उभारणाऱ्याला मात्र कोणी जाब विचारीत नाही.

कायदा याबाबत मुका नाही. वीज कायदा, 2003 च्या कलम 43 ने घराच्या मालकाने वा भोगवटादाराने अर्ज केल्यापासून एक महिन्यात वीज देण्याचे कर्तव्य वितरण कंपनीवर टाकले आणि ते न पाळल्यास दररोज एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. केंद्र सरकारच्या 2020 च्या ग्राहक-हक्क नियमांत 2024 मध्ये दुरुस्ती होऊन ही मुदत महानगरांत 3, अन्य नगरपालिका क्षेत्रांत 7 व ग्रामीण भागात 15 दिवस झाली. परंतु याच कलम 43 मध्ये एक पळवाटही आहे. वाहिनी वाढवावी लागणार असेल किंवा नवे उपकेंद्र लागणार असेल, तर एक महिन्याचे बंधन सुटते. जेथे खांब आधीच दारात आहे तेथे मुदत कडक आणि जेथे विजेची गरज सर्वांत अधिक आहे तेथे ती सैल, असा हा न्याय आहे.

खरा प्रश्न खर्चाचा आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने सप्टेंबर 2006 च्या आदेशाने तो तत्त्वतः निकालात काढला. सर्वांच्या उपयोगाच्या पायाभूत सुविधांचा खर्च एकेका ग्राहकाकडून वसूल करावयाचा नाही; केवळ स्वतःसाठी स्वतंत्र सुविधा मागणाऱ्यानेच तो सोसावा, हे त्याचे सूत्र होते. व्यवहारात मात्र वस्तीतील लोकांपुढे दोनच वाटा ठेवल्या जातात. निधी मंजूर होईपर्यंत थांबा; अथवा वर्गणी काढून परवानाधारक ठेकेदाराकडून खांब, तारा व रोहित्र स्वखर्चाने उभारून घ्या आणि वर 1.3 टक्के देखरेख शुल्क भरा. असा खर्च पुढे बिलातून परत देण्याची योजनाही निघाली होती. परंतु परतावा मिळण्यासाठी आधी रोख मोजावे लागतात, आणि ज्याची सारी पुंजी विटा-सिमेंटात गेली त्याच्यापाशी ती कोठून येणार?

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच पोकळ नाही. जमिनीचे तुकडे पाडून नफा मिळविणारा नामानिराळा राहणार आणि त्याच्या लेआउटमधील खांबांचा भार इतर ग्राहकांच्या दरात मिळविला जाणार, हे न्याय्य आहे काय? नाही. म्हणूनच आमचे म्हणणे असे आहे की, रेखांकन मंजूर करतानाच वीजवाहिनी व रोहित्राची जागा यांची जबाबदारी विकसकावर बांधली पाहिजे आणि ती पुरी झाल्याखेरीज भूखंडांची विक्री होऊ देता कामा नये. परंतु जेथे विकणारा पैसे घेऊन पसार झाला, तेथे त्याच्या पापाची शिक्षा खरेदीदाराला अंधारात ठेवून देता येणार नाही. आधी वीज द्यावी, मग वसुली त्याच्याकडून करावी. 2001 च्या गुंठेवारी कायद्यान्वये नियमितीकरणासाठी विकास शुल्क घेतले जाते. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीलाही ते लागू झाले. वस्तीने भरलेला हा पैसा वस्तीच्याच सुविधांवर खर्च होतो की नाही, याचा हिशेब जाहीर झाला पाहिजे.

'बांधकाम अनधिकृत, मग मीटर कसा?' हा दुसरा सवाल. मीटर म्हणजे मालकीचा दाखला नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये, घरमालक व भाडेकरू यांच्यातील वादात, वीज ही मूलभूत गरज आहे आणि अर्जदार त्या जागेचा भोगवटादार आहे एवढेच कंपनीने पाहावयाचे, असे स्पष्ट केले. बांधकामाचा निकाल लागायचा तेव्हा लागो. तोवर त्या घरातील मुलीने अभ्यास कशाच्या उजेडात करायचा?

एप्रिल 2018 मध्ये देशातील सर्व खेड्यांत वीज पोहोचल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. ज्या व्याख्येच्या आधारे ही गणती झाली, तीत दहा टक्के घरांत वीज असली तरी गाव 'विद्युतीकृत' ठरत होते. अशा हिशेबात कालपरवा वसलेली वस्ती कोठेच मोजली जात नाही. ती मोजावयास लावणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

येथे आपल्याच माणसांना चार शब्द ऐकविणे प्राप्त आहे. पुढाऱ्याचे पत्र मिळवून दोन घरांना मीटर आणून द्यायचे आणि ती 'कामे केली' म्हणून मिरवायचे, ही सवय आपल्यातही शिरली आहे. त्यामुळे हक्काची मेहरबानी होते आणि दलालाचे दुकान चालते. त्याऐवजी वस्तीतील प्रत्येक घराचा लेखी अर्ज एकाच दिवशी द्यावा, तारखेची पोच घ्यावी आणि कोटेशन मागावे. नकार आला तर तो लेखी मागावा. मुदत टळली तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि पुढे विद्युत लोकपालाकडे जावे. शंभर पोचपावत्या एकत्र ठेवल्या की तो एक मोर्चा असतो, आणि त्याला उत्तर द्यावेच लागते. असा लढून आणलेला खांब पुढच्या निवडणुकीत कोणाच्या उपकाराची आठवण करून देत नाही.