'प्रोफेशनल' नावाचं जानवं

खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रात जाळ एकच आहे. २१० मेगावॉटचे चार संच आणि ५०० चा एक, मिळून १३४० मेगावॉट. हा जाळ कुणाची पगारश्रेणी विचारत नाही. बॉयलरची नळी फुटली की हेल्पर भाजतो, फिटर भाजतो, टॉर्च घेऊन आत वाकलेला ज्युनिअर इंजिनिअरही भाजतो. पण कराराचा कागद निघाला की या माणसांची वेगवेगळी टेबलं लागतात. एक कामगाराचं. एक 'प्रोफेशनल'चं. आणि कंत्राटी? तो टेबलाखाली.

कुणी म्हणेल, गोदीत ओझं वाहणाऱ्या मॅट्रिक माणसाने इंजिनिअरच्या वर्गवारीत नाक का खुपसावं? का खुपसू नये? वर्गवारी काय चीज असते हे आमच्याइतकं कुणाला कळतं? आमच्या बापजाद्यांचं काम कुणी पाहिलंच नाही. आधी जात लिहिली आणि जातीवरून काम ठरवलं. आता कारखान्यात तोच धंदा चाललाय. आधी हुद्दा लिहायचा आणि हुद्द्यावरून माणूस ठरवायचा.

कायदा काय सांगतो ते बघू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार म्हणजे अंगमेहनतीचं किंवा कारकुनी काम करणारा. १९५६ च्या दुरुस्तीत 'तांत्रिक' काम आत आलं, आणि 'देखरेखीचं' कामही. पण देखरेखवाल्याला पगाराचं कुंपण घातलं : ५०० रुपये. पुढे १९८२ च्या दुरुस्तीने ते १६०० केलं, २०१० मध्ये १० हजार. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यात १८ हजार. आता नीट वाच. कुंपण फक्त देखरेखीला आहे. तांत्रिक कामाला नाही. तांत्रिक काम करणारा लाखभर कमावत असला तरी कामगारच.

म्हणून मालकाला 'तांत्रिक' शब्द नको असतो. त्याला 'सुपरवायझर' पाहिजे, 'एक्झिक्युटिव्ह' पाहिजे, 'प्रोफेशनल' पाहिजे. पाना तोच, पॅनेल तेच, रात्रपाळी तीच. फक्त पाटी बदलली की माणूस कुंपणाबाहेर. अठरा हजारांत नागपुरात खोलीभाडं आणि पोरांची फी भागत नाही, पण 'साहेब' मात्र होता येतं.

सुप्रीम कोर्टाने १९८५ साली मुंबईच्या सिबा-गायगीच्या खटल्यात साफ सांगितलं : हुद्दा बघू नका, मुख्य काम काय ते बघा. मग खापरखेड्याच्या इंजिनिअरचं मुख्य काम बघू. लोड किती घ्यायचं हे ऐरोलीचं भार प्रेषण केंद्र सांगतं. कोळसा कसा येईल ते खाण ठरवते. भरती प्रकाशगडावरून, कंत्राट टेंडरवरून. हा माणूस व्यवस्थापन कशाचं करतो? तो गेज बघतो, कंप मोजतो, परमिटवर सही करतो. त्या सहीवर कंत्राटी पोरगा आत शिरतो. काही झालं तर पोरगा जातो आणि सही करणारा सस्पेंड होतो. अधिकार वर, मरण खाली, आणि खापर मधल्याच्या डोक्यावर. गावाचं नावच खापरखेडा!

पण कोर्टंही नेहमी कामच बघतात असं नाही. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ साली सुप्रीम कोर्टाने शिक्षकांना कामगार मानलं नाही. कारण काय? शिकवणं हे उदात्त व्रत आहे! १९९४ साली सँडोझच्या खटल्यात औषध कंपन्यांचे प्रतिनिधीही या व्याख्येबाहेर गेले. हे 'उदात्त' आपल्या चांगलं ओळखीचं आहे. पवित्र काम, अपवित्र काम. डोक्याचं काम, पायाचं काम. मनूने जे श्लोकात लिहिलं ते आता निकालपत्रात आणि करारात कलम होऊन येतं. आरती ओवाळून हक्क काढून घ्यायची ही जुनी रीत आहे.

अमेरिकेतही तेच, आणि सालही तेच. १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने 'प्रोफेशनल' कर्मचारी वेगळा काढला. त्यांच्या बहुमताने कौल दिल्याशिवाय त्यांना इतर कामगारांच्या गटात घालता येत नाही. तिथे निदान मत विचारतात, इथे ऑर्डर निघते. आणि त्याच अमेरिकेत २००० साली बोइंगचे इंजिनिअर आणि तंत्रज्ञ एकत्र ४० दिवस संपावर बसले. 'प्रोफेशनल' म्हणवून घेत रस्त्यावर आले. पाटीने पोट भरत नाही हे त्यांना कळलं.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवलं : जात ही नुसती श्रमाची वाटणी नाही, ती श्रमिकांची वाटणी आहे. मुंबईच्या गिरण्यांत ती डोळ्यांनी दिसत होती. कापडखात्यात पगार बरा, पण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून आपल्या माणसाला ते खातं बंद. लाल बावट्याखालचा कामगारही तेव्हा 'विटाळ' म्हणत होता. तो प्रश्न बाबासाहेबांनी संपाच्या ऐन धामधुमीत पुढाऱ्यांच्या तोंडावर मारला. आणि तेच बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९३८ ला संप गुन्हा ठरवणाऱ्या बिलाविरुद्ध कम्युनिस्टांबरोबर संपात उतरले. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या. आतली जात झाकायची नाही आणि बाहेरचा मालक सोडायचा नाही.

आता तुझ्याशी बोलतो, भावा. तू पॉलिटेक्निकला आहेस, किंवा नुकता चिकटलास. तुझ्या आईने धुणीभांडी केली, तुझा बाप राखेत राबला. पहिल्यांदा तुला कुणी 'साहेब' म्हटलं. ती गोडी मला कळते. ज्यांना शतकानुशतकं 'ए' म्हणून हाक मारली त्यांच्या पोराला 'साहेब' ऐकू आलं तर छाती फुगणारच. फुगू दे. पण च्यायला, ती गोडी चाखता चाखता तुझ्या हातून काय काढून घेतलं ते बघ. नव्या संहितेत हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटनाच वाटाघाटीला एकटी बसते. तू 'कामगार' नसशील तर त्या मोजणीत तू नाहीस. तुला काढलं तर कामगार न्यायालयाचं दार तुला नाही. कंत्राटदाराकडचा 'साईट इंजिनिअर' असलास तर कायम हेल्परपेक्षा कमी पगारात तू प्रोफेशनल! हे जानवं आहे रे. गळ्यात घालतात आणि त्यालाच धरून ओढतात.

ज्या संघटनेत कनिष्ठ अभियंते आहेत तिचं नावच 'सबऑर्डिनेट इंजिनिअर्स असोसिएशन'. एका नावात दोन्ही सत्यं : ज्ञान आहे आणि हुकूमही पाळावा लागतो. नावाची लाज कुणी वाटून घेऊ नये, त्याच्यात खोटं काही नाही.

आणि सरकारला तर ही वर्गवारी गरजेपुरतीच आठवते. ४ जानेवारी २०२३ ला अदानीच्या समांतर परवान्याविरुद्ध तीसहून अधिक संघटना एकत्र संपावर गेल्या. अभियंते, कामगार, कंत्राटी, सगळे. तेव्हा मेस्मा लावताना तू प्रोफेशनल की हेल्पर हे कुणी विचारलं नाही. संप ७२ तासांचा होता. त्याच दिवशी चर्चेला बोलावणं आलं आणि संध्याकाळी तो मागे घेतला गेला. एका टेबलाची ताकद एका दिवसात दिसली.

म्हणजे इंजिनिअरचं शिक्षण काहीच नाही असं मी म्हणत नाही. त्याच्या विद्येचा मान त्याला अधिकारात द्या. धोका दिसला तर संच थांबवण्याचा हक्क करारात लिहा. असुरक्षित परमिट नाकारणाऱ्यावर कारवाई होणार नाही असं लिहा. वारेगावच्या राखेच्या बंधाऱ्याबद्दल त्याने दिलेला इशारा दडपता येणार नाही असं लिहा. पण टेबल एकच ठेवा. वर्गवारी कामावरून करा, पाटीवरून नको. आणि कराराचं पहिलं कलम कंत्राटी कामगाराचं असू द्या, शेवटचं नको.

कुणाला हे पटत नसेल त्याने एकच करावं. खापरखेड्यात किंवा कुठल्याही केंद्रात हजेरीपट उघडावा आणि राख, कोळसा, गटार या कामांवरची आडनावं मोठ्याने वाचावीत. मग वरच्या केबिनांच्या पाट्या वाचाव्यात. आणि मग सांगावं की ही वर्गवारी नुसती तांत्रिक आहे.

तुझी डिग्री भिंतीवर लाव, भावा. जानवं मात्र बॉयलरमध्ये टाक. जाळ तयारच आहे.

जयभीम.